ॲम्प्लीबाईचा कलेक्टर

बंद पडलेला ॲम्प्लीफायर समोर आला की ॲम्प्लीबाई आधी त्याला बोट लावायची. झाकण खोलायचं, बोट जिभेला लावून ओलं करायचं आणि आवाज जिथून आत जातो त्या टोकाला टेकवायचं. भोंग्यातून ‘घूं’ आलं की म्हणायची, ‘‘जित्ता आहे.’’ नाही आलं तर बोट एकेक पायरी पुढे न्यायची. जिथं ‘घूं’ येईल त्याच्या मागच्या भागात बिघाड, असं तिचं साधं गणित. मीटर होतं तिच्याकडे, पण ते ती शेवटी काढायची. ‘‘मीटर पास का नापास तेवढं सांगते भाऊ, बोट तब्येत सांगते.’’ मेन लाइनच्या बाजूला काम असलं की मात्र तिचा डावा हात पाठीमागे जायचा आणि काम संपेपर्यंत तिथंच राहायचा. दोन्ही हात आत घातले तर करंट छातीतून जातो, म्हणून.

तिचं दुकान पांढरकवड्याला, हैदराबाद रोडला लागून, टायरवाल्याच्या शेजारी. तिला खरं नाव होतं. पण लग्नापासून सभेपर्यंत सगळ्यांचे ॲम्प्लीफायर तिच्याकडे यायचे, म्हणून लोक ॲम्प्लीबाई म्हणायचे, आणि तिलाही ते चालायचं. पोस्टानं येणारा रेडिओचा कोर्स तिच्या नवऱ्यानं लावला होता. पुस्तकं मात्र तिनंच वाचली. पुढे नवरा दुसरीकडे राहायला गेला, पुस्तकं राहिली. या गोष्टीबद्दल तिच्या तोंडून मी कधी कडू शब्द ऐकला नाही. कोणी मुद्दाम काढलंच तर म्हणायची, ‘‘कोर्स पुरा व्हायले पाह्यजे होता, झाला. कोणाचा झाला त्याले काय?’’

मी तिच्याकडे गेलो तेव्हा माझी पन्नाशी ओलांडली होती. शिक्षण चौथी. जिनिंग फॅक्टरीत रेच्यांना, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या यंत्रांना, तेल देण्याचं काम मी केलं, पट्टे बदलले, आणि त्याच रेच्यांवर माझी बायको गिरजा वीस वर्षं कापूस टाकत होती. मग कापसाची ती वाईट वर्षं आली. एकेक जिनिंग बंद होत गेली, आमचीही झाली. आवाज थांबला तेव्हा कळलं की गिरजाला ऐकू येत नाही. इतकी वर्षं तिथं सगळेच ओरडून बोलायचे, त्यामुळे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं, कानातली नस गेली, जे उरलं आहे तेही हळूहळू जाईल. शिबिरात तिला कानाचं मशीन मिळालं. ते शिट्ट्या मारायचं. तिनं ते तांदळाच्या डब्यात टाकून दिलं.

आमची एकच मुलगी, सुशीला. तिला दिली आदिलाबादेत, जावई ट्रकवर. फोनवर गिरजाला काही समजत नव्हतं आणि चिठ्ठी तिला वाचता येत नव्हती. म्हणून सुशी कॅसेट भरून पाठवायची. ओळखीचा कोणी ड्रायव्हर हायवेवरच्या हॉटेलात ती ठेवून जायचा. पहिली कॅसेट आली तेव्हा मी टेप पूर्ण मोठा केला. गिरजाच्या कानात निम्मंशिम्मं गेलं, गल्लीच्या कानात सगळं गेलं. सुशीनं सासूला भाकरी येत नाही असं काहीतरी म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी नळावर बाया गिरजाला विचारत होत्या, ‘‘काहून वो, तुह्या विहीनबाईच्या भाकरी फुगल्या का?’’ तिला ऐकू आलं नाही, पण तोंडं पाहून कळलं. त्यानंतर तिनं टेप मोठा करू दिला नाही.

म्हणून मी ॲम्प्लीबाईकडे गेलो. एक मशीन बनवून द्या म्हटलं, टेपचा आवाज फक्त हिच्या कानात जाईल असं.

‘‘बनवून देत नाई,’’ ती म्हणाली. ‘‘बिघडलं की तुमी माह्या दारात. बसा, शिका.’’

‘‘बाई, मी चौथी शिकलो.’’

‘‘मंग पाचवीपासून घेऊ.’’

तिनं गिरजालाही एकदा बोलावलं. दुकानातला मोठा हेडफोन तिच्या कानावर चढवला आणि टेपवर भजन लावलं. गिरजा ऐकता ऐकता उठली, कारण बाहेर शेळी दाराशी आली होती. वायर ताणली आणि टेप टेबलावरून खाली. बाई हसली. गिरजा नाही हसली. ‘‘मी काय गाय आहे का, दावनीले बांधाले?’’ असं ती तिच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाली. टायरवाल्यानंही ऐकलं. बाईनं टेप उचलला, झटकला आणि मला म्हणाली, ‘‘वायर बाद. हिच्यासाठी उजेडानं आवाज पाठवाव लागते.’’ मला वाटलं, थट्टा करते.

शिकवण्याची तिची रीत तिची स्वतःची. कॅलेंडरच्या पाठीमागे सर्किट काढायची आणि प्रत्येक वस्तूला आपल्या जिल्ह्यातलं काम द्यायची. ट्रान्झिस्टरला तीन पाय असतात. बेस, कलेक्टर, एमिटर. बाईनं सांगितलं, ‘‘कलेक्टरपाशी सगळा माल पडून आहे, पण तो आपल्या मनानं हालत नाही. बेस म्हंजे त्याचा शिपाई. शिपायाच्या हातावर चहापुरतं ठेवलं का कलेक्टरपासून माल सुटते, न एमिटरातून खाली जनतेत येते. शिपायाले थोडं दिलं तं थोडा, जास्त दिलं तं जास्त. झालं तुमचं ॲम्प्लीफायर.’’

हे मला लगेच पटलं, कारण यवतमाळचं कलेक्टर ऑफिस मी पाहिलेलं होतं. मी घरी जाऊन पहिला ट्रान्झिस्टर जोडला. सगळं नीट, कथलाचे डाग चकचकीत. आवाज काही येईना. दुसऱ्या दिवशी बाईपुढे ठेवला. तिनं एक नजर टाकली आणि हसत सुटली.

‘‘कलेक्टरले मधात कोनी बसवलं?’’

‘‘साहेब मधातच बसते ना बाई. शिपाई दाराशी.’’

‘‘तुमच्या ऑफिसात बसत असन. इथं मधात शिपाई बसते. चपट्या बाजूनं पाहा, डावीकडे कलेक्टर, मधात बेस, उजवीकडे एमिटर. साहेब कोपऱ्यात आहे.’’

हे तिनं पुढे दुकानात येईल त्याला सांगितलं. हायवेवरचे ड्रायव्हर मला विचारायचे, ‘‘काय भाऊ, साहेब आज कुठं बसले?’’

दुसरं तिचं बोलणं म्हणजे ‘अर्ध्यावर ठेवा’. तिचं म्हणणं, ट्रान्झिस्टरला नुसता आवाज देऊन चालत नाही. आवाज येण्याआधीच त्याला थोडा करंट देऊन जागा ठेवावा लागतो. अगदी बंद असेल तर बारीक आवाज त्याला कळतच नाही. पूर्ण चालू असेल तर वर जायला जागा राहत नाही, मग आवाज फाटतो. म्हणून अर्ध्यावर. ती हे माणसांनाही लावायची. तावातावानं आलेल्या गिऱ्हाइकाला म्हणायची, ‘‘पह्यले अर्ध्यावर या, मंग बोला.’’

फी म्हणून तिनं माझ्याकडून भोंगे बांधून घेतले. मी झाडावर, खांबावर चढायचो, ती खाली मशीनपाशी. त्या वर्षांत लग्नं होत होती पण वाजत नव्हती. तिचे ॲम्प्लीफायर लग्नापेक्षा शोकसभेला जास्त गेले. अशाच एका सभेत, झरीकडच्या एका गावात, पुढारी माइकवर ओरडत होते आणि बाई मशीनपाशी बसून आवाज कमी करत होती. आयोजक येऊन दोनदा बोलून गेला. मग गेलेल्या माणसाच्या बायकोला माइकपुढे उभं केलं. ती ओठातल्या ओठात काहीतरी म्हणत होती. बाईनं बटण इतकं हळू फिरवलं की शिट्टी वाजायच्या एक केस अलीकडे थांबली. माइकपुढची ती म्हणत होती, माझ्या पोरांना कोणी विचारू नका, ती आत्ताच जेवली आहेत. ते शेवटच्या माणसाला ऐकू गेलं. परतताना मी म्हटलं, पुढाऱ्यांचा राग ओढवून घेतला तुम्ही. तर म्हणाली, ‘‘मोठ्याले मोठं कराले मी कायले पाह्यजे?’’

उजेडाचं काम पावसाळ्यानंतर सुरू झालं. टीव्हीच्या रिमोटच्या तोंडाशी जो छोटा दिवा असतो, त्याचा उजेड डोळ्याला दिसत नाही. बाई त्याला ‘लालच्या खालचा उजेड’ म्हणायची. तिनं उजेड पकडणारा एक फोटोट्रान्झिस्टर माझ्या ॲम्प्लीफायरला जोडला, इअरफोन माझ्या कानात दिला आणि समोरून रिमोट दाबला. कानात ‘टर्रर्र’ झालं. मग काडी ओढली. कानात भुर्र झालं. मग तिनं बल्ब लावला, आणि कानात एकसारखं ‘घूं’ सुरू झालं.

‘‘बल्बबी गाते,’’ ती म्हणाली, ‘‘पन त्याले एकच सूर येते. म्हणून बल्ब लागला असन तं हे मशीन लावू नका. उन्हातबी नको, त्याचे डोये दिपते. सावलीत, लाइट गेलेली असताना.’’

लाइट तर रोज सात-आठ तास जायचीच. माझ्या आयुष्यात भारनियमनाचा एवढाच उपयोग झाला.

टेपचा आवाज त्या दिव्यावर चढवायचा, दिवा अर्ध्यावर जळता ठेवायचा, आणि समोर गिरजाच्या पदराला पिनेनं टाचलेल्या डबीनं तो पकडून तिच्या कानात सोडायचा, असं ते मशीन. मधे वायर नाही. गिरजाला कोणती अक्षरं ऐकू येत नाहीत तेही बाईनं तपासलं होतं. तिच्या पाठीमागे उभी राहून ती माइकवर ‘सुशीला’ म्हणाली. गिरजा म्हणाली, ‘‘उईला.’’ स, श, क, ट असले तिखट आवाजच जिनिंगनं खाल्ले होते. बाईनं मोठा कंडेन्सर काढून लहान घालायला लावला. ‘‘जाड आवाज अडवा, तिखट जाऊ द्या. नुसतं मोठं करून काय होते? जास्त मोठी उईला होते.’’ कंडेन्सर बदलला. बाई पुन्हा म्हणाली. गिरजा एकदम मागे वळली आणि म्हणाली, ‘‘सुशीला! कोठी आहे?’’

त्याच आठवड्यात सुशीची नवी कॅसेट आली. गिरजा नळावर गेली होती. मी टेप बारीक करून कान लावला.

‘‘बाबा, हे तुमालेच सांगून राह्यली,’’ सुशी म्हणत होती. ‘‘आईले आयकू येत नाई म्हणून यात बोलून राह्यली. दुसऱ्यांदाबी पोट सांडलं. सासू रोज बोलते. आईले सांगू नका. ते इथं येईन, भांडन, न मंग मले अखीन जड जाईन.’’

गिरजा हंडा घेऊन आली, टेप पाहिला आणि विचारलं, ‘‘काय म्हनते?’’

मी हातानं खूण केली आणि ओरडून सांगितलं, ‘‘बरी आहे. दिवाळीले येते म्हनते.’’

‘बरी आहे’ हे पहिलं खोटं सुशीच्या सांगण्यावरून. दिवाळी माझी. तोंडातून निघून गेली. गिरजा त्या दिवसांत जुन्या लुगड्यांची दुपटी शिवत होती, सुशीला चौथा महिना आहे असंच तिला अजून वाटत होतं. ती म्हणाली, ‘‘मशीन झालं का मीच आयकतो. तुमी चार गोष्टीतली एक सांगता.’’ आणि पुढचं दुपटं घेतलं.

मी काम लांबवायला लागलो. एक दिवस कंडेन्सर मिळाला नाही, एक दिवस डोकं दुखलं. पाच दुपटी झाली. मग एक दिवस गिरजानं मशीन स्वतः पिशवीत घातलं आणि मला दुकानाकडे ढकललं. त्याआधी मी एक गोष्ट करून ठेवली होती. डबीतला शेवटचा ट्रान्झिस्टर काढून फिरवून लावला होता. शिपाई मधातच, पण साहेब आणि जनता एकमेकांच्या जागी. आता मला माहीत होतं, असा लावला तर मशीन मरत नाही. आवाज येतो, पण इतका बारीक की गिरजाला माणूस बोलतो एवढंच कळेल, काय बोलतो ते नाही.

बाईनं डबी उघडली. बोट लावलं. ऐकलं. मग चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. गिरजा बाहेर बाकावर बसली होती.

‘‘भाऊ,’’ ती हळू म्हणाली, ‘‘पह्यली चूक अडान्याची होती. हे शिकल्याची आहे.’’

मी बाहेर बाकाकडे पाहिलं.

‘‘अडानी मानूस साहेबाले मधात बसवते. उलटा फिरवून कोनी लावत नाई, न लावला तं डाग असा साफ पडत नाई. हा डाग तुमी दोनदा दिला आहे.’’ तिनं डबी बंद केली. ‘‘काय लपवता ते मले सांगू नका. मले मशीन समजते, घर नाई समजत. पन मी शिकवलं ते यासाठी नाई.’’

‘‘तुम्हीच सरळ करून द्या,’’ मी म्हटलं.

‘‘हात लावत नाई मी. ज्यानं फिरवला त्यानं सरळ करावा. तिचे कान अखीन किती दिवस आहे ते डाक्टरलेबी माहीत नाई. तेवढं ध्यानात ठेवा.’’

बाहेर येऊन तिनं गिरजाला ओरडून सांगितलं, ‘‘उद्या होते! तुमच्या मालकाच्या हातानं होते!’’ गिरजानं मला पाहून मान हलवली. परतताना रस्त्यावर ती तिच्या कडेनं चालत होती, मी माझ्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाइट गेली. मी ट्रान्झिस्टर फिरवला, डाग दिला. टेप सेलवर लावून फळीवर ठेवला, दिव्याचं तोंड गिरजाकडे केलं. ती चुलीपाशी भिंतीला टेकून बसली, डबी पदराला, इअरफोन कानात. कॅसेट आधी तिनंच शोधून ठेवली होती. बटण मी दाबलं.

तोंडानं आधी सांगावं असं मनात होतं. सांगितलं नाही. उठून बाहेर जावं म्हटलं, तर दार तिच्या आणि टेपच्या मधल्या वाटेनं. मी उठून दोन पावलं टाकली आणि मधे आलो. आवाज तुटला.

‘‘सरका!’’ गिरजा ओरडली. ‘‘मधात येऊ नका!’’

मी मागे जाऊन बसलो. कॅसेट संपेपर्यंत त्या खोलीतून मला निघता येत नव्हतं. मला काही ऐकू येत नव्हतं, टेपचा भोंगा बंद होता. फक्त तिचं तोंड दिसत होतं.

कॅसेट संपली. ती म्हणाली, मागे घ्या. असं तीनदा. मग तिनं इअरफोन काढला. ती बोलली तेव्हा नेहमीसारखंच सगळ्या गल्लीत ऐकू गेलं.

‘‘दिवाळीचं कोन म्हनलं होतं?’’

‘‘मी.’’

‘‘लेकीनं सांगू नका म्हनलं, ते तिचं बरोबर. माय आहे मी, मले भेते ते. पन तुमी वरतून दिवाळी कायले लावली? मी पाच दुपटी शिवले.’’

तिनं पिशवी भरली आणि तीनच्या बसनं आदिलाबादला गेली, एकटी, बहिरी. तिथं ती भांडली की नाही मला माहीत नाही. चौथ्या दिवशी सुशीला घेऊन आली. पोरगी दीड महिना राहिली. परत जाताना तिला न्यायला जावई आला होता.

मी बाईला जाऊन सांगितलं, मशीन वाजलं.

‘‘साफ?’’

‘‘साफ.’’

‘‘रडली का?’’

‘‘नाई. भांडली.’’

‘‘म्हंजे सगळी अक्षरं आयकू आली,’’ बाई म्हणाली आणि समोरच्या ॲम्प्लीफायरचा स्क्रू काढायला लागली. एवढंच. त्यानंतर त्या फिरवलेल्या ट्रान्झिस्टरचा विषय तिनं कधी काढला नाही, ड्रायव्हरांपुढेही नाही.

पुढे तयार मशीनं आली, डीजे आले. लोक दुरुस्तीला आणण्याऐवजी नवीन घ्यायला लागले. बाईनं दुकान बंद केलं आणि पुसदला भावाकडे गेली. जायच्या दिवशी मी शटर ओढायला गेलो होतो. मला वाटलं ती काही बोलेल. ती म्हणाली, ‘‘कॅलेंडरवरचे सर्किट फाडून ठेवा, उंदरं खातात.’’ ते मी ठेवले. गिरजाचं मशीन मी त्यावरून तीनदा नवीन बनवलं. नंतर कॅसेट गेल्या, मोबाइल आले, तरी त्याच दिव्यावर मोबाइलचा आवाज चढवला. मशीन सुधारत गेलं, कान उतरत गेले. शेवटची दोन वर्षं तिला काहीच ऐकू येत नव्हतं. डबी खुंटीला होती.

गिरजा जाऊन आता वर्ष झालं. ती गेल्यावर आठव्या दिवशी बाई पुसदहून आली. कोणी सांगितलं माहीत नाही. केस पूर्ण पांढरे झाले होते. लोक येत होते, मला धीर देत होते. ती कोपऱ्यात बसून राहिली. माणसं उठल्यावर जवळ सरकली.

‘‘शेवटी आयकू येत होतं का?’’

‘‘नाई. दोन वर्षं काहीच नाई.’’

‘‘मंग तुमी बोलत होते का तिच्यासंग?’’

‘‘रोज.’’

‘‘काय बोलत होते?’’

‘‘जे झालं ते. सगळं. वरतून काही लावलं नाई.’’

बाईनं मान हलवली. सुशीनं आणलेला चहा घेतला, आणि चारच्या गाडीनं परत गेली.